ओहायोचं व्हाउचर आणि कॅथलिक शाळेची फी: हिशेब कसा वाचायचा

प्रश्न असा आहे: ओहायोत राहणारं मराठी कुटुंब, मुलगी किंडरगार्टनला जाणार, मुलगा सहावीत. घराजवळच्या कॅथलिक शाळेनं सांगितलं, "राज्याचं व्हाउचर मिळेल, फीची चिंता करू नका." हे पैसे चर्चचे की सरकारचे? आपण हिंदू असून चालेल का? आणि फी खरंच शून्य होते का?

पैसे राज्य सरकारचे आहेत: व्हाउचर म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी राज्यानं मुलाला दिलेली शिष्यवृत्ती. हिंदू असून चालतं. फी शून्य होईलच असं मात्र नाही. उत्पन्न चांगलं असेल तर व्हाउचर मिळूनही पूर्वीपेक्षा जास्त फी भरावी लागू शकते. असं का होतं हे कळायला शाळेची जमाखर्चाची वही उघडावी लागते, म्हणून उत्तर लांबलं आहे.

आधी आपल्याकडची "अनुदानित शाळा" डोक्यातून बाजूला ठेवा. मुंबई-वसईतल्या अनुदानित मिशनरी शाळांत सरकार शिक्षकांचा पगार देतं. अनुदान शाळेच्या मान्य पदांना असतं आणि घटनेच्या कलम ३० (२) मुळे अल्पसंख्याकांची शाळा म्हणून ते नाकारता येत नाही. गोव्यात तर चर्चच्या प्राथमिक शाळांच्या अनुदानावर मोठा वाद झाला, पण तो धर्मावरून नव्हे, माध्यमावरून. १९९० च्या धोरणानं प्राथमिक अनुदान कोकणी-मराठीपुरतं ठेवलं आणि २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुलं झालं. अमेरिकेत चर्चच्या शाळेतल्या शिक्षकाचा पगार सरकार थेट देऊच शकत नाही. १९७१ च्या 'लेमन विरुद्ध कुर्ट्झमन' खटल्यात पेनसिल्व्हेनिया आणि ऱ्होड आयलंडचे असे प्रयत्न सर्वोच्च न्यायालयानं रद्द केले. म्हणून मधला रस्ता निघाला: शाळेला अनुदान नाही, मुलाला शिष्यवृत्ती, आणि ती कुठे वापरायची हे पालक ठरवणार. व्हाउचर म्हणतात ते हेच. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांची फी-प्रतिपूर्ती, पण २०१४ च्या 'प्रमती' निकालानंतर अल्पसंख्याक शाळा त्या कायद्याबाहेर आहेत.

मग व्हाउचर येण्याआधी या शाळा चालायच्या कशा? मुख्यतः सिस्टरांच्या, म्हणजे नन्सच्या, कष्टांवर. १८८४ मध्ये बाल्टिमोरच्या तिसऱ्या धर्मपरिषदेनं प्रत्येक पॅरिशनं (वसईकडे ज्याला धर्मग्राम म्हणतात) दोन वर्षांत शाळा काढावी असं ठरवलं. इमारत पॅरिशच्या वर्गणीतून उभी राहायची आणि शिकवायला सिस्टर असायच्या, जेवण-निवारा आणि किरकोळ मानधनावर. १९५० च्या सुमारास या शाळांतले दहापैकी नऊ शिक्षक धर्मसंघातले होते. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात ५० लाखांहून जास्त मुलं कॅथलिक शाळांत होती. पुढे धर्मसंघांत येणाऱ्या मुली आटल्या, त्यांच्या जागी पगारी शिक्षक आले, खर्च वाढला, फी वाढली, पट घसरला. आज साधारण ५,९०० शाळांत सुमारे १७ लाख मुलं आहेत आणि धर्मसंघातले शिक्षक जेमतेम तीन टक्के. म्हणजे शाळेला जी सर्वांत मोठी देणगी मिळत होती ती कुठल्याच खात्यात लिहिलेली नव्हती, आणि ती संपली तेव्हाही ताळेबंदात दिसली नाही. दिसली ती फक्त वाढलेली फी. व्हाउचर हा खड्डा भरायला येतं, हे लक्षात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

कायद्याचा भाग पटकन उरकतो. मिलवॉकीत १९९० मध्ये व्हाउचर सुरू झालं तेव्हा धार्मिक शाळा त्यात नव्हत्या. १९९५ च्या कायद्यानं त्या आल्या आणि १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं. ओहायोचा क्लीव्हलंड कार्यक्रम २००२ मध्ये 'झेलमन विरुद्ध सिमन्स-हॅरिस' म्हणून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. व्हाउचर घेणाऱ्या मुलांपैकी ९६ टक्के धार्मिक शाळांत होती, तरी पाच विरुद्ध चार मतांनी कार्यक्रम टिकला. कारण चेक पालकांच्या नावे निघायचा आणि पालक तो सही करून शाळेला द्यायचे. निवड पालकाची, म्हणून धर्माला सरकारी आश्रय नाही, असा तो युक्तिवाद. पुढे २०२० चा 'एस्पिनोझा' आणि २०२२ चा 'कार्सन' हे निकाल एक पाऊल पुढे गेले: खासगी शाळांना योजना खुली असेल तर केवळ धार्मिक म्हणून शाळेला वगळता येणार नाही. पण चर्चची शाळा स्वतःच सरकारी चार्टर शाळा (सरकारी पैशावर चालणारी, पण व्यवस्थापन स्वतंत्र असलेली शाळा) होऊ पाहते तेव्हा प्रश्न वेगळा असतो. ओक्लाहोमाच्या सेंट इसिडोर ऑनलाइन शाळेचा प्रयत्न राज्याच्या न्यायालयानं रोखला होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार-चार अशी बरोबरी झाली आणि तो निकाल कायम राहिला.

आता ओहायो. इथे कार्यक्रमाचं नाव एडचॉइस, आणि त्याची दोन दारं आहेत. पहिलं पत्त्यावर ठरतं: तुमच्या पत्त्याला नेमून दिलेली सरकारी शाळा राज्याच्या कमकुवत शाळांच्या यादीत असेल तर उत्पन्न न पाहता पूर्ण रक्कम. दुसरं, 'एक्सपान्शन', उत्पन्नावर ठरतं. जुलै २०२३ च्या अर्थसंकल्पानं ते सर्वांना खुलं केलं, पण रक्कम सर्वांना सारखी नाही. २०२४-२५ साठी पूर्ण रक्कम किंडरगार्टन ते आठवी ६,१६६ डॉलर आणि नववी ते बारावी ८,४०८ डॉलर होती. संघीय दारिद्र्यरेषेच्या ४५० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर पूर्ण. त्यापुढे रक्कम उतरत जाते आणि कितीही उत्पन्न असलं तरी दहा टक्क्यांच्या आसपास थांबते: आठवीपर्यंत ६५० डॉलर, पुढे ९५०. चौघांच्या कुटुंबाची २०२५ ची दारिद्र्यरेषा ३२,१५० डॉलर. म्हणजे ४५० टक्के १,४४,६७५ डॉलर. दोघंही आयटीत असलेली बरीच मराठी घरं याच्या वर जातात. शाळेच्या माहितीसत्रात "सर्वांना व्हाउचर" ऐकून आलेल्यांचा गोंधळ इथेच होतो. सर्वांना मिळतं हे खरं, पण काहींना ६५० मिळतं.

तिसरा आकडा २०० टक्के, चौघांसाठी ६४,३०० डॉलर. याच्या खाली असलेल्या कुटुंबाकडून शाळा व्हाउचरच्या वर ट्यूशन (इथे शिकवणी नव्हे, शाळेची शिकवण्याची मूळ फी) घेऊ शकत नाही. उरलेली रक्कम शाळेनं सोसायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि माहितीपत्रकात कधीच नसणारं कलम. राज्य जे देतं ते "कमाल रक्कम किंवा शाळेची मूळ ट्यूशन वजा त्या मुलाला लागू सवलती" यांपैकी जे कमी असेल ते. याचा परिणाम उदाहरणात पाहू. समजा मूळ ट्यूशन ७,००० आणि पॅरिशच्या सभासदांना १,५०० ची सवलत. निव्वळ ५,५००. राज्य ६,१६६ द्यायला तयार असूनही ५,५०० च देतं आणि शाळेच्या हाती ५,५०० येतात. सवलत काढून टाकली तर राज्य ६,१६६ देतं, कुटुंब ८३४ भरतं, शाळेच्या हाती ७,०००. म्हणजे सवलत चालू ठेवणाऱ्या शाळेच्या १,५०० पैकी ८३४ च पालकाच्या कामी येतात, उरलेले ६६६ राज्याच्या तिजोरीत वाचतात. कुठलाही हिशेबनीस हे एका दुपारी ओळखतो. भावंडांची सवलत, सभासदांची सवलत अशा जुन्या प्रथा व्हाउचर आल्यावर गळतात त्या लोभामुळेच असं नाही. नियमच तसा ढकलतो.

याची झळ कोणाला लागते ते पाहू. आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण वास्तवाला धरून. २५० मुलांची शाळा, दर मुलामागे खर्च ९,५०० डॉलर, एकूण २३,७५,०००. व्हाउचरआधी सरासरी फी ६,२००, फीचं उत्पन्न १५,५०,०००. तूट ८,२५,०००. त्यातले ४,००,००० पॅरिश देते, २,५०,००० जत्रा-लिलाव-फिश फ्राय यांतून येतात, १,७५,००० माजी विद्यार्थी आणि ठेवींच्या व्याजातून. (फिश फ्राय म्हणजे लेंटमधल्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारचं तळलेल्या माशांचं जेवण. त्याला हसू नका, त्यावर अख्ख्या खेळ विभागाचा खर्च निघतो.)

व्हाउचर आल्यावर शाळा सगळ्या सवलती काढते आणि ट्यूशन सरसकट ८,००० करते. ६० मुलं २०० टक्क्यांखालची: त्यांच्याकडून ६,१६६ च्या वर घेता येत नाही, म्हणून दर मुलामागे १,८३४ शाळा सोडते, एकूण १,१०,०४०. १३० मुलं पूर्ण व्हाउचरची: पालक १,८३४ भरतात. ६० मुलं तळाच्या ६५० वाली: पालक ७,३५० भरतात. शाळेचं फीचं उत्पन्न १८,८९,९६० होतं, तूट ४,८५,०४० वर येते. शाळेच्या दृष्टीनं मोठा आधार. मधल्या गटाची फी ६,२०० वरून १,८३४ वर आली. वरच्या गटाची ६,२०० वरून ७,३५०. भावंडसवलत होती त्यांना फरक आणखी जास्त. तुमचं उत्पन्न वरच्या गटात असेल तर "व्हाउचर मिळालं" आणि "फी वाढली" ही दोन्ही वाक्यं एकाच पावतीवर खरी असतात.

याच उदाहरणात राज्याकडून येणारी रक्कम १२,१०,५४०. म्हणजे फीच्या उत्पन्नाच्या ६४ टक्के आणि एकूण खर्चाच्या निम्म्याहून थोडी जास्त. हा आकडा लक्षात ठेवा: खाली कोर्टाची जोखीम येते, तिथे एवढं उत्पन्न पणाला लागलेलं असतं.

कमी झालेली तूट कुठे मुरते, यावर शाळेचं भवितव्य ठरतं. शिक्षकांचे पगार वाढवणं हा योग्य उपयोग. कॅथलिक शाळांचे पगार शेजारच्या सरकारी शाळेपेक्षा कमी असतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी चांगला शिक्षक तिकडे जातो. बॉयलर, छप्पर, खिडक्या हाही योग्य उपयोग. चुकीचा उपयोग असा: पॅरिशची वित्त समिती म्हणते, शाळेला आता राज्य देतंय, आपले चार लाख थांबवू. पुढच्या वर्षी दानपेटीही हलकी होते, कारण माणसंही तोच विचार करतात. मिलवॉकीच्या पॅरिशांच्या हिशेबांवर नोटर डेम विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह काम केलं. त्यात व्हाउचर हा अनेक पॅरिशांचा मोठा उत्पन्नस्रोत झालेला दिसला, चर्च बंद पडणं आणि विलीन होणं कमी झालं, पण त्याच वेळी शिक्षणाबाहेरच्या कामासाठी येणारी देणगी घटली. माझं मत स्पष्ट आहे: पॅरिशचा हिस्सा रकमेत नव्हे, तिच्या उत्पन्नाच्या ठरलेल्या टक्केवारीत लिहून ठेवावा आणि व्हाउचरकडे बघून तो बदलू नये. उलट टोकाचं उदाहरण कॅन्ससमधल्या विचिटा धर्मप्रांताचं. तिथे पॅरिशमध्ये सक्रिय कुटुंबांच्या मुलांना ट्यूशनच नाही, सभासदांनी उत्पन्नाचा वाटा देण्याच्या शिस्तीवर शाळा चालतात. ते सगळीकडे जमत नाही, कारण त्याला पिढ्यांची सवय लागते. तुमच्यासारख्या सभासद नसलेल्या कुटुंबाला तिथे फी पडते हेही आहेच.

अर्जाकडे येऊ. ओहायोत पालक थेट राज्याकडे अर्ज करत नाहीत. आधी शाळेत प्रवेश घ्यायचा, मग शाळा राज्याच्या शिक्षण विभागाच्या प्रणालीत तुमच्या वतीनं अर्ज भरते. अर्ज फेब्रुवारीत खुले होतात. शाळा एडचॉइसमध्ये सहभागी आहे का हे पहिल्याच फोनवर विचारा. सगळ्या खासगी शाळा नसतात, आणि काही शाळा काही इयत्तांपुरत्याच जागा ठेवतात. कागद तीन प्रकारचे: मुलाचा जन्मदाखला, राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा.

आपल्या लोकांचं अडतं ते इथे. मूल भारतात जन्मलेलं असेल तर महापालिकेचा दाखला चालतो, पण फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. जुन्या दाखल्यावर मुलाचं नाव नसतं, "मुलगा, वडिलांचं नाव" एवढंच असतं. तसं असेल तर नाव घातलेला नवा दाखला आधीच मागवा, त्याला महिने लागतात. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून येतं आणि शाळेच्या फॉर्मवर आपण ते गाळतो. प्रवेश अर्ज, व्हाउचर अर्ज आणि दाखला या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर एकच ठेवा. राहण्याच्या पुराव्यासाठी वीज किंवा गॅसचं ताजं बिल लागतं, आणि ते अर्ज करणाऱ्या पालकाच्या नावावर हवं. बिल नवऱ्याच्या नावावर आणि अर्ज बायकोच्या, एवढ्यावरून अर्ज परत येतो. उत्पन्न घरातल्या सगळ्यांचं धरतात. कर विवरणपत्र आणि डब्ल्यू-२ (नोकरीतल्या पगाराचा वार्षिक दाखला) हाताशी ठेवा. वर्षाच्या मध्यात नोकरी गेली असेल तर जुन्या विवरणपत्रावर फसू नका, चालू स्थितीचे कागद कसे द्यायचे ते शाळेच्या कार्यालयात विचारा. आणि हे एकदाच करून सुटत नाही, दरवर्षी नूतनीकरण असतं. घर बदललंत तर शाळेला लगेच कळवा.

व्हाउचरमध्ये फक्त ट्यूशन येते. नोंदणी शुल्क, गणवेश, जेवण, टॅब्लेट-लॅपटॉपचं शुल्क, सहल, बॅण्ड, शाळेनंतरची देखभाल हे सगळं वेगळं. दोघं नोकरी करत असाल तर शाळेनंतरची देखभाल हीच दोन मुलांमागे मोठी रक्कम होते, ती आधी विचारा. काही शाळांत स्वयंसेवेचे तास सक्तीचे असतात आणि ते न भरल्यास दंड. बसचं मात्र चांगलं आहे: ओहायोत दोन मैलांच्या पुढे राहणाऱ्या आठवीपर्यंतच्या मुलांना खासगी शाळेत नेण्याची जबाबदारी तुमच्या सरकारी शाळा जिल्ह्यावर आहे, शाळा तीस मिनिटांच्या अंतरात असेल तर. जिल्हा "अव्यवहार्य" ठरवून बसऐवजी पैसे देऊ करू शकतो, आणि ती रक्कम रोजच्या गाडीच्या खर्चाला पुरत नाही. म्हणून प्रवेश पक्का करण्याआधी जिल्ह्याच्या वाहतूक कार्यालयाला पत्ता आणि शाळेचं नाव देऊन विचारा.

मुलाला विशेष शिक्षणाची गरज असेल तर इथे थांबून विचार करा. सरकारी शाळेत त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा हा कायद्यानं मिळालेला हक्क असतो. पालकांनी स्वतःहून खासगी शाळेत घातलं की तो वैयक्तिक हक्क राहत नाही, मिळाली तर मर्यादित सेवा मिळते. ओहायोत यासाठी ऑटिझम शिष्यवृत्ती आणि जॉन पीटरसन शिष्यवृत्ती अशा वेगळ्या योजना आहेत, त्यांच्या रकमा गरजेनुसार जास्त असतात. आधी त्या पाहा, एडचॉइस नंतर.

धर्माचं काय. कॅथलिक शाळांत कॅथलिक नसलेली मुलं पाचांत एकाच्या आसपास असतात, तुम्ही पहिले नाही. पण धर्मशिक्षण हा तासाचा विषय असतो, गुण मिळतात, आठवड्यातून एकदा मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) असते आणि मूल तिथे बसतं. कॅथलिक नसलेलं मूल कम्युनियन (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेत नाही. दुसरीचं वर्ष जपा: त्या वर्षी वर्गाचा बराच वेळ पहिल्या कम्युनियनच्या तयारीत जातो आणि घरी "मला का नाही?" हा प्रश्न येतो. विस्कॉन्सिनच्या व्हाउचर कायद्यात पालकानं लेखी कळवलं तर मुलाला धार्मिक कार्यक्रमांतून सूट मिळते, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर शाळेला चिठ्ठ्या काढून प्रवेश द्यावा लागतो. तिथे रक्कमही मोठी आहे, २०२४-२५ ला आठवीपर्यंत १०,२३७ डॉलर, आणि त्या इयत्तांत वर ट्यूशन घेता येत नाही. ओहायोत प्रवेशाचे निकष शाळेकडेच राहतात. म्हणून हँडबुकमधलं धर्मविषयक पान सही करण्याआधी वाचा. नंतर भांडून उपयोग नाही.

शाळेचा दर्जा व्हाउचरवरून ठरत नाही. लुइझियानात चिठ्ठ्यांनी व्हाउचर मिळालेल्या मुलांचे गणिताचे गुण पहिल्या वर्षी लक्षणीय घसरले होते. तिथे योजनेत आलेल्या खासगी शाळांत पट घसरत चाललेल्या, कमी फीच्या शाळा बऱ्याच होत्या. यावरून धडा एवढाच घेता येतो की जिला व्हाउचर नसेल तर कुलूप लावावं लागेल अशी शाळा जास्त बारकाईनं तपासावी. पाच वर्षांचा पट, शिक्षक किती टिकतात, आणि सातवीचं गणित कोण शिकवतं, एवढं विचारलं की बरंच कळतं.

आता कोर्टाची जोखीम. ओहायोतल्या बऱ्याच सरकारी शाळा जिल्ह्यांनी मिळून एडचॉइसविरुद्ध जानेवारी २०२२ मध्ये खटला घातला. २४ जून २०२५ रोजी फ्रँकलिन काउंटीच्या न्यायाधीशांनी कार्यक्रम ओहायो राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या विरुद्ध ठरवला. ओहायोच्या घटनेत १८५१ पासून दोन गोष्टी आहेत: राज्यानं सामायिक शाळांची परिपूर्ण व्यवस्था उभी करावी, आणि शाळानिधीच्या कुठल्याही भागावर कोणत्याही धर्मपंथाचा एकाधिकार वा ताबा नसावा. अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याला स्थगिती दिल्यानं व्हाउचर लगेच बंद झालं नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे निकाल पाठीशी आहेत म्हणून निश्चिंत राहता येत नाही, कारण हा वाद देशाच्या नव्हे, ओहायोच्या घटनेचा आहे. फ्लोरिडाचं एक व्हाउचर २००६ मध्ये असंच राज्याच्या न्यायालयात पडलं होतं. कोर्टाशिवायही योजना जाते: इलिनॉयची करसवलतीवर चालणारी शिष्यवृत्ती विधिमंडळानं मुदत न वाढवल्यानं २०२३ च्या अखेरीला संपली.

म्हणून शाळेच्या फी-करारातलं एक वाक्य शोधा. बहुतेक करारांत असतं की व्हाउचर नामंजूर झालं, कमी आलं किंवा बंद झालं तर पूर्ण ट्यूशन पालकानं भरायची. उदाहरणातल्या शाळेत हे वाक्य लागू झालं तर मधल्या गटातल्या दोन मुलांमागे वर्षाला १२,३३२ डॉलर जास्त. ते वाक्य काढून घेता येणार नाही, पण "असं झाल्यास तीस दिवसांत नोटीस देऊन दंडाशिवाय प्रवेश रद्द करता येईल" एवढं लिहून मागता येतं, आणि समंजस शाळा देतात. मधूनच शाळा सोडल्यास राज्य त्या दिवसांपुरतेच पैसे देतं, उरलेल्या काळाचं बिल कोणाचं हेही त्याच करारात पाहा.

राज्य बदलणार असाल तर नियम पूर्ण बदलतात. ॲरिझोना (२०२२ पासून सर्वांना), फ्लोरिडा (२०२३) आणि आयोवा (२०२३ चा कायदा, टप्प्याटप्प्यानं सर्वांना) इथे उतरती पट्टी नाही, त्यामुळे जास्त उत्पन्नाच्या कुटुंबालाही पूर्ण रक्कम मिळते. टेक्सासचा कायदा मे २०२५ मध्ये झाला, लाभ २०२६-२७ च्या शालेय वर्षापासून, आणि पहिल्या टप्प्याला एक अब्ज डॉलरची मर्यादा असल्यानं सर्वांना पुरेल असं नाही. केंद्राची करसवलत १ जानेवारी २०२७ पासून सुरू होते: शिष्यवृत्ती संस्थेला दिलेल्या देणगीवर १,७०० डॉलरपर्यंत कर वजा, राज्यानं सहभाग घेतला असेल तरच. "आपण देणगी देऊ, आपल्याच मुलाला मिळेल" असं मात्र होत नाही, देणगी विशिष्ट मुलासाठी राखून ठेवता येत नाही.

तुमच्या हातातला खात्रीचा उपाय ५२९ खातं, म्हणजे शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचतखातं. शाळेच्या फीसाठी त्यातून मुलामागे वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत काढता येत होते, २०२६ पासून मर्यादा २०,००० आहे. राज्याच्या करात त्याचा फायदा मिळतो का, हे तुमच्या राज्याच्या नियमावर. आणि कोणी सुचवलं की फीऐवजी पॅरिशला देणगी द्या, करातून वजा होईल, तर ऐकू नका. देणगीच्या बदल्यात मुलाचं शिक्षण मिळत असेल तर आयआरएस (केंद्राचं कर खातं) ती ट्यूशनच धरतं.

शाळेच्या व्यवस्थापकाला भेटाल तेव्हा एवढं कागदावर मागा: दर मुलामागे प्रत्यक्ष खर्च, मूळ ट्यूशन आणि चालू सवलती, गेल्या तीन वर्षांतली फीवाढ, पॅरिशचा हिस्सा तीन वर्षांपूर्वी किती आणि आज किती, उत्पन्नात व्हाउचरचा वाटा किती टक्के, आणि व्हाउचरचे पैसे तीन महिने उशिरा आले तर पगार कशातून देणार. शेवटच्या प्रश्नाला ठेवीचा आकडा सांगणारी शाळा निवडा. "देव बघेल" असं हसत सांगणारे फादर फार गोड माणूस असतात, पण त्यांच्या शाळेत दोन्ही मुलं एकदम घालू नका. आधी धाकटीला पाठवा, सहावीतल्याला वर्षभर आहे तिथेच राहू द्या.